यंत्राच्या नावाने दिलेली उत्तरं

प्रिय धाकट्या,

तीन वर्षांनी ताईचं पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. आधी माझ्या ऑफिसातली गंमत ऐक.

फ्रीजच्या तक्रारींना उत्तरं द्यायला साहेबांनी मोठ्या थाटात यंत्र आणलं. आपण तक्रार टाइप करायची, ते लगेच उत्तर देतं. चौथ्याच दिवशी त्याने एका बाईंना फ्रीजमधला बर्फ इस्त्रीने वितळवायला सांगितलं. साहेबांची अशी तंतरली! यंत्र बंद केलं म्हणायची लाज, म्हणून मला आतल्या खोलीत बसवलं आणि यंत्राच्या नावाने उत्तरं लिहायला लावली.

आणि लोक तरी काय! प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, हे मी एकोणीस वर्षं फोनवर सांगतेय. तुम्हाला काय कळतं बाई, म्हणून फोन आपटायचे. आता तेच यंत्राने सांगितलं म्हटल्यावर, वा, काय बुद्धी, काय नम्रपणा! एका निवृत्त मास्तरांनी चक्क आशीर्वाद दिले. एक बाई त्याला रोज जेवलास का विचारतात. नवऱ्याला विचारतात की नाही, देव जाणे. माणसाने सांगितलं की यांचा अपमान होतो, डब्याने सांगितलं की ते ज्ञान. कीव येते मला एकेकाची.

मंगळवारी यंत्राला उद्देशून एक तक्रार आली: आईचा फ्रीज, बहिणीशी भांडून आणलेला, आता गार होत नाही. भंगारात द्यायला हात धजत नाही. हे तिथल्या माणसांना दाखवू नकोस, माझी ताई तिथेच असते, ती हसेल. तिची आठवण येते, पण तिच्या तोंडाची भीती वाटते.

गाढवा, फ्रीजच्या पुढच्या पायांखाली पुठ्ठ्याची घडी ठेवा म्हणजे दार नीट लागेल, तुमची आईही तेच करत असेल, असं कुठलं यंत्र सांगतं रे? तेवढंही ओळखता आलं नाही तुला? उलट लिहिलंस, आई गेल्यापासून माझ्याशी इतक्या मायेने कुणी बोललं नव्हतं.

ते वाचून आधी हसले, मग तिथेच रडत बसले. जगाला नावं ठेवते, पण मलाही यंत्राच्या आड बसल्यावरच तुझ्याशी गोड बोलता आलं. ती मी होते. फ्रीज तुझ्याकडेच राहू दे. रविवारी दाराचं नवं रबर घेऊन येतेय. आठवण येते म्हणालास ना, ते आता माझ्या तोंडावर सांग.

तुझीच,
तिखट तोंडाची ताई