तुझ्या नावावरचा फोन

प्रिय शालूताई,

त्या माणसाला जन्मठेप झाली. तुझ्या खुनाबद्दल, आणि तुझ्यानंतरच्या डिचोलीकडच्या दोघींबद्दलही. पणजीच्या कोर्टातून मी थेट धारगळला आले आणि बायला सांगितलं. नऊ महिने पोटात वाढवलेल्या लेकीचा निकाल तो, आणि बाय भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "कोर्टाक काय म्हायत? शालून फोन केल्यान, तो पण शेजारणीक. माका बोलावक सुद्धा सांगूक नाय." त्यानंतर जे घडलं ते सांगायला आज लिहायला बसले. खुन्याला शिक्षा झाली, पण तू मात्र त्या दिवशीही घरात गुन्हेगारच!

कसला फोन, म्हणशील. तू गेलीस त्याच्या पुढच्या आठवड्यात शेजारची शेवंतीमावशी धावत आली होती. अख्ख्या वाड्यावर फोन तेव्हा तिच्याच घरी. "शालूचो फोन इल्लो! लगीन झाला, सुखात आसा, सोधू नकात." झालं! बाबा पोलिसांत जायला निघाले होते, ते घरात येऊन बसले. पोर पळाली म्हणून कुठल्या तोंडाने तक्रार द्यायची? वाड्यावरही तेच पसरलं. बाय आधी रडत होती, त्या दिवसापासून संतापली. तुझं नाव काढायची चोरी झाली.

पण तू तरी कशी गं! पाववाल्या पदेराचा उंडा दाबून बघितल्याशिवाय घेत नसायचीस, शिळा असेल म्हणून. आणि लग्नाचं नाव काढणाऱ्या परक्या माणसाने "साखळी घालून ये" म्हटल्यावर बायची साखळी गळ्यात घालून निघालीस? एकदा मला विचारायचंस. मी धाकटी असले तरी माझ्या नाकाला वास लवकर येतो, तूच म्हणायचीस ना?

ती साखळी त्याने डिचोलीच्या एका सोनाराला विकली होती. त्या सोनारामुळेच तपास तुझ्यापर्यंत पोचला. कोर्टात सगळं वाचून दाखवलं. तू घरातून निघालीस त्याच दुपारी त्याने तुला मारलं होतं. मेला कोर्टात रडलाही. मला ते रडणंसुद्धा खोटं वाटलं.

घरी येताना बसमध्ये बसल्यावर डोक्यात शिरलं. त्याच दुपारी? मग पुढच्या आठवड्यात फोन कोणी केला? तपास करणाऱ्या पोलीस साहेबांना विचारलं तर म्हणाले, "करायला लावला असेल कुठल्यातरी बाईला." असेल म्हणजे काय? मग मला जी ती बाई तसलीच दिसायला लागली. तोंडावर पदर ओढून कोर्टात बसलेली त्याची बायको. आपली मोठी काकी. अगं, एका रात्री तर बाबांच्या फोटोवरही संशय घेतला. गावात बोभाटा नको म्हणून त्यांनीच तर हे जुळवलं नसेल? देवा, काय ते मन माझं!

शेवटी शेवंतीमावशीकडे गेले. कोकमं फोडत बसली होती. मीही शेजारी बसून फोडायला लागले आणि सहज विचारलं, "मावशी, त्या दिवशी ताई नेमकी काय बोलली गो?"

"म्हणाली, आईक सांग, रडू नको म्हणान."

आई? आपल्या दोघींच्या तोंडात हा शब्द कधी होता गं? शाळेत 'माझी आई' निबंध दिला तेव्हा 'माझी बाय' लिहून छडी खाल्लीस तू! आई म्हणतात त्या मावशीच्या पोरी. तिने स्वतःच्या घरातला शब्द उचलून तुझ्या तोंडी घातला, असा मला वास आला, म्हणून खडा टाकून बघितला.

"फोन इल्लोच नाय. खरा मा, मावशी?"

"इतक्या वर्सांचा कोणाक याद आसता?" म्हणाली, आणि लागलीच रडायला लागली. "तुझी आवस जेवी नाय, बावीच्या काठार जावन उभी ऱ्हवायची. पोर खंयतरी सुखात आसा म्हटल्यार जगतली तरी, असा वाटला माका."

खरं असेल? असेलही. पण बायला धीर द्यायला हे केलं, की त्या माणसाला तिनेच आधी कधी तुझ्याशी बोलताना बघितलं होतं आणि गप्प राहिली, म्हणून? माझा संशय काही जात नाही. तिच्या त्या एका थापेने आपलं शोधणं थांबलं, आणि तो मोकळा फिरत राहिला. त्या दोघींच्या आयांना ती काय सांगणार आहे?

तिचा हात धरून तिला बायसमोर उभी केली. तिने सगळं सांगितलं. मला वाटलं, बाय आता हिच्या झिंज्या धरणार. पण बायने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मलाच विचारलं, "म्हणजे माज्या चेडवाक माजो राग नव्हतो?"

"नव्हतो, बाय."

मग रडली. ताई, इतक्या वर्षांनी तुझ्यासाठी रडली गं ती! मी जवळ घेतलं तर माझ्या अंगावर पडून तुलाच हाका मारत होती.

आता शब्द देते. उद्या सकाळी मावशीला घेऊन पेडण्याच्या पोलीस स्टेशनात जाणार, तिने काहीही कारणं सांगितली तरी. आणि संध्याकाळी बाय वाड्यावर निघणार आहे. गुडघे धड चालत नाहीत, पण घरोघर जाऊन सांगायचं म्हणते, "माजी शालू माका सोडून गेली नव्हती." मी तिला धरून नेईन. एकही दार चुकवणार नाही.

तुझीच,
मंदा