पेवात पाणी, विहिरीत वारा

३ मे १९७४, दुपारी

सूनबाई मालन, ही वही लिहिणारी तूच आणि वाचणारी बी तूच, म्हणून पहिल्याच पानावर सांगून ठेवतीय: तू विसरशील. दूध चुलीवर ठेवून वेणी घालायला बसतीस आणि दूध उतू गेलं की मांजराला शिव्या देतीस, हे अख्ख्या शिवाजी पेठेला ठावं हाय. म्हणून मी सांगतीय तसं लिही. मला अक्षर येत न्हाय, पण मला लागतंय कशाला? मी विसरतच न्हाय. वही माझी एकटीची. माझ्या लेकाला, कृष्णातला, दाखवायची न्हाय. आणि माझं बोलणं सुधारायचं न्हाय.

तर जमिनीची वाटणी झाली. मी थोरली, म्हणून पहिली निवड माझी. एकीकडं सडकेला लागून तांबडा माळ. दुसरीकडं ओढ्यापल्याडचं झाडीचं रान. मी रान घेतलं. माती काजळासारखी, पाचोळा कुजून लोण्यागत मऊ, भर उन्हाळ्यात झाडं हिरवीगार. माळ गेला धाकट्या जावेला, तानाबाईला. तिनं नुसता पदर तोंडाला लावला. रडत असंल बिचारी.

पंचांनी एक अट घातली. दिवाळी पाडव्याचे दिवे लागंपर्यंत दोघींच्या राजीखुशीनं अदलाबदल करता येईल, मागनं न्हाय. करतंय कोण?

कृष्णातचं तोंड वाकडं. शाहूपुरीतल्या कापडदुकानात उभं राहून त्याच्या पायाच्या शिरा फुगल्यात. नोकरी सोडून सडकेकडेला गोठा बांधायचा, म्हशी घ्यायच्या, दूध घालायचं, असं त्याच्या मनात. म्हणतोय, आई, माळ घे. मी म्हटलं, तू कापड मोजणारा, तुला मातीतलं काय कळतंय?

९ मे

प्लॅन ठरला. हळद लावायची. हळद ठेवायला पेव खणायचं, म्हणजे जमिनीच्या पोटात खोल कोठार, वरनं तोंड लिंपलं की माल वर्षानुवर्षं कोरडा. पाण्याला विहीर. विहीर खालच्या अंगाला, पेव वरच्या अंगाला. खणायला माझा मावसभाऊ आकाराम. तो हळूहळू खणतोय, पण लई बोलतोय.

२२ मे

विहीर चालू. वर हातभर काळी माती. खाली करडी, चिकट, कुंभाराच्या गोळ्यागत, तिच्यात तांबडे ठिपके. त्याच्याखाली पांढरा दगड. आकाराम म्हणाला, आक्का, ही चुनखडी, बास करूया. मी म्हटलं, पांढरं शुभ असतंय, फोड. फोडला. खाली भेग. पाण्याचा टिपूस न्हाय. पाण्याला पाणी बोलावतंय म्हणून एक कळशी ओतली. भेगेनं गिळली. दुसरी ओतली, ती बी गिळली. आकाराम खाली बसून हसाय लागला. जमीन तहानलेली हाय, त्यात हसण्यासारखं काय?

१ जून

कृष्णातनं माझ्या नकळत शेतकी खात्याचा साहेब आणला. पँट दुमडून फिरला बिचारा. म्हणाला, आजी, या मातीत निचरा न्हाय. वरचं पाणी चिकट थरावर तुंबतंय, मुळांना हवा मिळत न्हाय. तांबडे ठिपके म्हणजे माती आळीपाळीनं भिजत-वाळत असल्याची खूण. चुन्यामुळं पिकाला लोह मिळायचं न्हाय, पान पिवळं पडंल. झाडांची मुळं बी दगडामुळं खोल गेली न्हाईत.

सगळं ऐकून घेतलं. निचरा न्हाय म्हणजे पाणी वाया जात न्हाय. लोकं पैसं घालून बंधारं बांधत्यात, माझ्याकडं देवानं बांधून ठेवलाय. आणि तांबडे ठिपके म्हणजे खाली तांबं असणार. हे त्याला बोलले न्हाय. सरकारी माणूस, उद्या येऊन उकरायचा.

जाताना बाटलीतलं थेंबभर औषध त्यानं दगडावर टाकलं. दगड सोड्याच्या बाटलीगत फसफसला. जिवंत जमीन ती.

५ जून

दगडाचा तुकडा घरी आणला. लिंबू पिळलं तरी जरा फसफसतंय. पेठेतल्या बायका बघाय आल्या. एकीनं हात जोडले. परत परत दाखवाय लागलं. यंदा लिंबाचं लोणचं न्हाय, घरात कुणी विचारू नये.

१६ जून

हळद लावली. पेव बी खणून तयार, आतनं शेणानं सारवलं, देवघरागत. आकाराम म्हणाला, पाऊस लागू दे, मग बघू. बघंल की.

१२ जुलै

पेव गळ्यापर्यंत भरलं. हळदीनं न्हाय, पाण्यानं. आत बेडकं. विहीर मात्र ठणठणीत कोरडी, आत नुसता वारा घुमतोय. पाऊस पडतोय आणि भेगेतनं गायब होतोय.

कृष्णात डोक्याला हात लावून बसला. मला एका मिनटात सुचलं. पेवाला विहीर म्हणायचं आणि विहिरीला पेव. झालं. नुसती नावं चुकली हुती. शिकलेल्यांना एवढं सुचत न्हाय.

मालन लिहिता लिहिता खोकली. पदर तोंडाला लावून खोकत हुती. कोरड्या विहिरीत हळद ठेवायची कशी, वरनं पाऊस पडतोय, असं तिनं विचारलं. छप्पर घालायचं, त्यात काय? लिही.

४ ऑगस्ट

हळद पिवळी पडली. पानं, देठ, सगळी. केवडा पडला म्हणत्यात त्याला. आकाराम म्हणाला, गेलं पीक. मी म्हटलं, अरे हळद ती. पिवळी न्हाय पडायची तर काय निळी पडंल? वरपासनं खालपर्यंत रंग धरलाय. नंबर एक माल.

२६ ऑगस्ट

जांभळीचं मोठं झाड वाऱ्यानं आडवं. मुळं बघितली. तव्यावरच्या भाकरीगत पसरट, खाली गेलीच न्हाईत. झाड जमिनीवर नुसतं ठेवल्यागत हुतं. कृष्णात बघतच राहिला. म्हणाला, आई, अजून वेळ हाय, तानाकाकूंना विचारूया. मी म्हटलं, तोडायची मजुरी वाचली, ते बघ की. तो रात्री जेवला बी न्हाय.

१५ सप्टेंबर

हळदीचे गड्डे उपटून बघितले. हाताला नुसता चिखल आणि वास. उशिरानं येणारी जात असंल.

हे पान मालनला दोन बोटं खळ लावून चिकटवाय सांगितलं.

२० ऑक्टोबर

हातकणंगल्याला बारसं. तिथं तानाबाई भेटली. म्हणाली, आक्का, रान कसं हाय? माझं तोंड मोकळं सुटलं. हळद मांडीएवढी वर आली म्हटलं. विहीर तुडुंब म्हटलं, ते खरंच हाय, नाव बदलल्यापासनं. दगड औषधी हाय, लांबनं लांबनं माणसं येत्यात म्हटलं. ती ऐकतच राहिली. मधेच पदर तोंडाला. जळत असंल. तिच्या माळावर भुईमूग आलाय म्हणं, पण भुईमूग काय, कुठं बी येतोय.

येताना गाडीच्या खिडकीतनं सडकेकडेची गोठ्याची जागा दिसली तेव्हा कृष्णातनं मान फिरवली.

१२ नोव्हेंबर

आज मनाशी ठरवलं, आणि हे कुणाला सांगायचं न्हाय. पाडव्याला तानीकडं जायचं. मागायचं न्हाय. बिचारीला चांगली जमीन मिळावी म्हणून मी त्याग करतीय, असं बोलायचं. कृष्णातचा गोठा हुईल. भाषण पाठ केलं. मालनला दोनदा म्हणून दाखवलं. ती म्हणाली, आत्याबाई, लई छान, फक्त हसू नका.

१४ नोव्हेंबर, पाडवा, दिवे लागताना

मी पातळ नेसून निघणार तोवर तानाबाईच दारात. सोबत तिचा लेक गुंडू, हातात करंज्यांचा डबा. बसली. पाणी प्याली. आणि म्हणाली, आक्का, तुमच्या रानात सोनं पिकतंय असं सगळीकडं ऐकतीय. मला द्या की ते. माझा माळ तेवढा घ्या. हात जोडले तिनं.

कृष्णातच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं मागनं माझा दंड धरला. मालननं वरनं चिमटा काढला.

पण मी कच्च्या गुरूची चेली न्हाय. तानी अशी हात जोडणारी बाई न्हाय. ती मागायला येती म्हणजे रानात काहीतरी निघालंय. तांबं. नक्की तांबं. त्या साहेबानं तिच्याकडं बातमी फोडली असणार.

मी म्हटलं, तानाबाई, पंचांपुढं बसून घेतलेली वाटणी, मी न्हाय देत. तिनं परत विचारलं, नीट विचार करा आक्का. मी म्हटलं, केला. तेवढ्यात शेजारच्या उंबऱ्यावर पणती लागली. पंचांची वेळ संपली.

तानीनं कृष्णातकडं बघितलं. गुंडू म्हणाला, आईनं कृष्णातदादासाठी केलं तेवढं केलं काकू. काय केलं ते सांगितलं न्हाय. या खेपेला पदर तोंडाला लावला न्हाय तिनं. करंज्या ठेवून गेली.

१९ नोव्हेंबर, रानातनं, माळ्यावर बसून

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी कृष्णात दुकानाला निघताना एवढंच म्हणाला, एवढी चांगली जमीन हाय तर राहून दाखव की. मी म्हटलं, दाखवते.

आले. खाली टेकायला कोरडी जागा न्हाय, म्हणून आकारामनं चार खांबांवर माळा बांधून दिलाय. एक खांब कालपासनं खाली खाली जातोय. तांबं अजून लागलं न्हाय. रात्रभर बेडकं. कृष्णातच्या पायाला लावायला तेल कुठल्या फडताळात हाय ते मालनला सांगितलं, त्याला मी सांगितलं म्हणून सांगायचं न्हाय.

मालन शिडीवर उभी राहून लिहितीय, म्हणून थोडक्यात. उद्या जोंधळ्याची भाकरी पाठव, कडक भाजून. खर्डा, भाजलेले शेंगदाणे, कांदा. तानीच्या करंज्या उरल्या असतील तर त्या. आमटी, ताक, पातळ म्हणून काही पाठवू नको. पाणी इथं लई हाय.