साखराबाईंच्या वाफ्यातलं शिसं

५ जानेवारी २०२६, सोमवार

खोटं बोलले. तेही देवाच्या नावानं!

साखराबाईंनी गरम भाकरी आणि पालकाची पातळ भाजी वाढली, आणि मी म्हणाले, "आज सोमवार धरलाय, मावशी." आजवर एक उपवास धड केला नाही मी! डिसेंबरात मातीचे नमुने घ्यायला आले तेव्हा याच भाजीवर ताव मारला होता. पण शुक्रवारी मातीचा रिपोर्ट आला. बांधापलीकडे जुन्या बॅटऱ्या फोडायची भट्टी होती. ती कधीच बंद पडली, पण शिसं यांच्या वाफ्यात मुरून बसलंय. भरमसाट!

सून वर्षाराणी शेजारीच जेवत होती. सहावा महिना. "डाक्टरीन म्हणली, हिरवी भाजी लई खा," साखराबाई कौतुकानं सांगत होत्या. मी मान डोलावली. डोलावली मी मान!

७ जानेवारी

लातूरला लॅबमध्ये माझ्या गाइड सरांना विचारलं, त्या घरी सांगू का? "आधी पेपर छापायला जाऊ दे. गावात बोभाटा झाला की माती उकरून फेकतील. मग तुझ्या पीएचडीचं काय?" मी हो म्हणाले. बरंही वाटलं — सरांवर ढकलता आलं म्हणून.

९ जानेवारी

साखराबाईंच्या मातीतले जिवाणू प्लेटवर वाढले! एवढ्या शिशात! एक जात शिसं स्वतःच्या अंगाला बांधून ठेवते, म्हणून तिच्या आडोशाला नाजूक जाती जगतात. तिला वेगळं काढलं की बाकीच्या मरतात. आनंदानं उड्याच मारल्या मी.

मग हात धुताना वर्षाराणी आठवली. जिवाणूंना शेजारधर्म कळतो. मला नाही.

११ जानेवारी

उद्या सांगायचं. सांगायचंच.

१२ जानेवारी, सोमवार

नाही सांगितलं.

साखराबाईंनी माझ्यासाठी उदगीरहून भगर मागवून ठेवली होती. स्वतःच्या ताटातही भगरच. "इरा, तुझं बघून म्याबी सोमवार धरलाय. वर्षाच्या लेकरासाठी." आणि वर्षाराणीच्या ताटात भाजी दुप्पट — सासूच्या वाटची पण तिलाच! "टाकून कशापायी द्यायची?"

माझ्या खोट्या उपवासानं तिच्या पोटात आणखी शिसं घातलं. आणि मी समोर बसून भगर खाल्ली. दोनदा वाढून घेतली. स्वतःची शिसारी येते.

१३ जानेवारी

लॅब बुडवून गेले. एसटीत मनाशी जुळवलेलं सगळं विसरले. उंबऱ्यातच उभी राहून सांगून टाकलं — भट्टी, शिसं, भाजी खाऊ नका, वर्षाराणीचं रक्त तपासू, मी सोबत येते. सर काय म्हणायचं ते म्हणोत.

साखराबाईंनी आधी सुनेच्या हातातली वाटी काढून घेतली. मग माझ्याकडे बघितलं. "आन् तुझा सोमवार?"



१९ जानेवारी, सोमवार

वर्षाराणीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. शिसं आहे. बरंच. डॉक्टर म्हणाल्या, उपचार करू, पण लवकर यायला हवं होतं.

साखराबाई सकाळपासून दवाखान्याच्या बाकावर, तोंडात पाण्याचा थेंब नाही. मी चहा पुढे केला. त्यांनी कप हळूच बाजूला सारला.

"नगं, माय. माझा सोमवार खरा हाय."