‘गजाआड’चा तो अंक

लॉरेल फोर्क, केंटकी
१२ डिसेंबर

प्रिय ओलिटाताई,

पाकिटावरचा पत्ता वेंडेलच्या अक्षरात आहे म्हणून तू हे उघडलंस, हे मला ठाऊक आहे. लबाडी म्हण हवं तर, पण तुझ्या लेकाने तो राजीखुशीने लिहून दिलाय. माझी आधीची तीन पत्रं तू न फोडता परत पाठवलीस. तिसरं माझ्या हातात देताना पोस्टातली बाई म्हणाली, “बर्ल, डेटनचा पत्ता बरोबर आहे. पाठवणाराच चुकीचा असावा.”

गुडघा कसा आहे तुझा? इथे ओढ्याच्या काठाने बर्फ धरलाय. मी ठणठणीत. टायरची दुकानं आता तीन झाली. एका जॅकवर आणि बाबांच्या जुन्या पान्यावर सुरुवात केलेल्या माणसाला एवढं पुष्कळ झालं.

वेंडेल त्रेसष्ट मतांनी जेलर झाला, हे त्याने फोनवर सांगितलं असेलच. पण तो बाबांवर गेलाय, सांगताना निम्मं गिळतो. तेव्हा राहिलेलं माझ्याकडून ऐक. जेलर मतांनी निवडतात म्हटल्यावर तुमच्या ओहायोतले लोक हसत असतील. हसू देत. आपल्या घराण्यात आजवर सरकारी शपथ घेतली ती फक्त साक्षीदारांनी किंवा आरोपींनी. चाव्यांचा जुडगा हातात घेणारा हा पहिलाच.

माझा अटकांचा पेपर, ‘गजाआड’, अजून निघतो. तुला त्या नावाचाही वीट आहे, तरी सांगतो. सुरुवातीला मी तुरुंगाच्या खिडकीशी उभा राहून पेन्सिलीने नावं उतरवायचो. आता सकाळी सहाला कॉम्प्युटरवर तुरुंगाचीच यादी उघडते : नाव, वय, फोटो, आरोप, पकडलं कोणी. सगळा गाव कॉफीआधी तीच वाचतो. सुटलेल्याचं नाव दुसऱ्या दिवशी यादीतून जातं, मग जुनं कुणाला हवं असेल तर माझ्याकडेच यावं लागतं. अकरा वर्षांचे अंक दुकानाच्या मागच्या खोलीत तारखेवार लावलेत. वकील येतात, घरमालक येतात, होणाऱ्या जावयाची चौकशी करायला सासरे येतात आणि पान उलटताना आपलाच फोटो दिसू नये म्हणून देवाचं नाव घेतात.

ऑक्टोबरात रस्त्यावरच्या खांबाखांबावर वेंडेलचा सहा वर्षांपूर्वीचा अटकेतला फोटो लागला. विस्कटलेले केस, सुजलेले डोळे आणि खाली ओळ : ‘चाव्या याच्या हातात?’ हे काम नेपियरच्या माणसांचं. पंधरा वर्षं तो जेलर होता, खुर्ची सोडवेना. फोटो त्यांना कुठून मिळाला, असं मला जो तो विचारायचा. मी खांदे उडवायचो.

मग अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये उमेदवारांचं जेवण झालं. घेवड्याच्या दाण्यांची आमटी, मक्याची भाकर, वर चिरलेला कांदा, आणि प्रत्येकाला बोलायला पाच मिनिटं. वेंडेलने तीन मिनिटांत आटोपलं. थंडीत कैद्यांना दुसरं ब्लँकेट मिळेल एवढंच ठासून म्हणाला. मागून कोणीतरी ओरडलं, “दे की, तुला कोठडीतली थंडी माहीतच आहे.” सगळा हॉल हसला. वेंडेल म्हणाला, “हो, माहीत आहे. म्हणूनच म्हणतोय.” ताई, मान खाली नाही घातली पोराने.

नेपियरच्या मेव्हण्याने तो फोटो उंच धरून सगळ्यांना दाखवला. तेवढ्यात आयसी फ्युगेट काठी टेकत उठली. ब्याऐंशी वर्षांची आहे, पण माझा एकही अंक तिने चुकवलेला नाही. म्हणाली, “बर्ल, या पोराची अटक तू मला एक डॉलरला विकलीस. सुटका कितीला देतोस?”

“फुकट,” मी म्हणालो, आणि उभा राहिलो.

सांगितलं सगळ्यांना. बंद पडलेल्या खाणीतली तांब्याची तार वेंडेल ट्रकमधून नेत होता, ती मुकादमानेच न्यायला सांगितली होती. मुकादमाने येऊन तसं लिहून दिलं. त्याच आठवड्यात शुक्रवारी न्यायाधीशाने खटला काढून टाकला. तो कागद कोर्टाच्या क्लार्कच्या कचेरीत सहा वर्षं पडून आहे, कुणीही जाऊन बघावा. मी छापला नाही, कारण माझा पेपर अटका छापतो, सुटका नाही. आणि मेव्हण्याच्या हातातला तो फोटो माझ्याच दुकानातला आहे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. “वा रे बर्ल, खरा माणूस,” म्हणून पाठ थोपटली. त्रेसष्टातली निम्मी मतं त्या आमटीतून आली असं आयसी म्हणते. मीही आठवडाभर ते खरं मानून छाती काढून हिंडलो.

आता जे हॉलमध्ये सांगितलं नाही ते.

वेंडेलच्या अटकेचा तो अंक मी काचेत बसवून गल्ल्यामागे टांगला होता. तू पाहिलास त्या दिवशीच गावातून गेलीस. ‘सख्ख्या भाच्यालाही सोडलं नाही’ असं लोक म्हणायचे आणि मला ते गोड लागायचं. नवीन गिऱ्हाईक आलं की मीच बोट दाखवायचो. नेपियरच्या माणसाला मागच्या खोलीत जावंही लागलं नाही. चार टायर बदलून घेतले, भिंतीवरच्या अंकाचा मोबाईलवर फोटो घेतला, आणि मी त्याला कॉफी पाजली.

आणि एक आहे. छपाईला अंक बुधवारी संध्याकाळी जायचा. त्या बुधवारी दुपारी तुरुंगातली क्लार्क पंक्चर काढायला आली होती. माझे कान तुला माहीत आहेत, यंत्र चालू असताना पलीकडच्या बाकावरची कुजबुज मला कळते. ही तर समोर उभी राहून बोलली, “बर्ल, तुझा भाचा निर्दोष आहे. मुकादम सकाळीच सांगून गेला.” मी पंक्चर काढलं. पान बदलायला चार तास हातात होते. बदललं नाही. वाटलं, काढलं तर लोक म्हणतील, घरच्याला झाकलं. माझी ऐट राखायला मी त्याचा चेहरा वापरला. शाळेच्या बसची नोकरी त्याची त्या फोटोने गेली.

निकालानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात वेंडेल गाडी घेऊन दुकानात आला, तेव्हा त्याला हे सांगितलं. तो चाकाचे नट आवळत होता. थांबला नाही. म्हणाला, “मला माहीत होतं, मामा. क्लार्कबाई कुणाला सांगत नाही?”

“मग बोलला का नाहीस कधी?”

“तुम्ही कधी सांगताय ते बघत होतो.” मग पाना पुसून ठेवला. “आता आईला सांगा. मी नाही सांगणार.”

सहा वर्षं बघत राहिला, ताई, आणि दर नाताळला माझ्या दाराशी लाकडं फोडून ठेवत राहिला. मी तीन दुकानं उभी केली म्हणून मिरवतो. तू एवढा एक माणूस उभा केलास.

यादीत तो आता एक रकाना वाढवतोय : पुढे काय झालं. माझ्या शेवटच्या पानावरही त्याच मापाच्या फोटोंनिशी तेच येईल. पहिली सुटका सोबत जोडलेल्या अंकात आहे, सहा वर्षं उशिरा. काच मी उतरवली.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला कोर्टाच्या पायऱ्यांवर शपथ आहे. आपल्या आईचं बायबल तुझ्याजवळ आहे. वेंडेल म्हणतो, कोर्टातलं चालेल, आईला त्रास नको. त्याला मागायला संकोच वाटतो. मला तर मागायचा हक्कच उरला नाही, म्हणून मीच मागतो. ते घेऊन ये, आणि त्याच्यासमोर तूच धर. मी खाली रस्त्यावर, लोकांच्यात उभा राहीन. तू वर बोलावलंस तरच येईन.

तुझा भाऊ, ज्याला बुधवारी दुपारीच कळलं होतं,
बर्ल