याकोब नेमका कोणाचा भाऊ?

अवोन्डेल, ऑकलंड
शनिवार, १५ जुलै २०१७

प्रिय प्रकाश,

इथली आम्ही चार-पाच मराठी ख्रिस्ती घरं दर शुक्रवारी शिवाजीरावांकडे बायबल वाचायला जमतो. पण महिनाभर वाचन कसलं, नुसती भांडणं. वाद एवढाच, की पौल आपल्या पत्रात ज्याला ‘प्रभूचा भाऊ’ म्हणतो तो याकोब येशूचा नेमका कोण? शिवाजीराव म्हणतात, मरीयेचाच मुलगा, सख्खा. वसईची सलोनी म्हणते, मावसभाऊ. बारा शिष्यांतला अल्फीचा मुलगा तो हाच. तिसऱ्याने मरीयेच्या नवऱ्याची, योसेफाची, पहिली बायको उकरून काढली, याकोब तिचा म्हणे. लॅपटॉपवर वंशावळी, हातात सामोसे, आणि त्या घरातल्या माणसांची अशी चिरफाड. मला किळस आली.

कालच्या आधीच्या शुक्रवारी शिवाजीराव म्हणाले, “सावत्राला भाऊ म्हणायचं ते तोंडदेखलं.” सगळे हसले. मीही हसले. तेवढ्यात त्यांच्या बायकोने, वासंतीने विचारलं, “विनिता, बाबांच्या दफनाच्या व्हिडिओत पेटीला खांदा देऊन रडत होता, तो तुझा कोण?” मी म्हणाले, “लांबचा चुलतभाऊ.” बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा दोन वर्षं त्यांचं हगणं-मुतणं तू काढलंस. मी इथून फोन करत होते. मांडीवर बायबल ठेवून मी हे बोलले, प्रकाश.

आठवडाभर घास गोड लागला नाही. मग सुचलं, शिवाजीरावांचं खरं धरलं तरी येशूची आणि याकोबाची आई एक, बाप वेगळा. म्हणजे याकोब सावत्रच की. पौलाने मात्र नुसतं ‘भाऊ’ लिहिलं. काल मी हे सगळ्यांसमोर बोलले, आणि तुझ्याबद्दलही सांगितलं: बाबांचा मुलगा, लग्नाबाहेर झालेला, माझा भाऊ. वासंती चहा आणायला उठून गेली. शिवाजीरावांनी लॅपटॉप मिटला. परतताना गाडीत ओवीने विचारलं, “सो ही इज माय मामा?” मी हो म्हणाले. अकरा वर्षांची झाली पोर, तिला काल कळलं.

पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. बाबांच्या कबरीवरच्या दगडाचा मजकूर मीच पाठवला होता, ‘एकुलती कन्या विनिता’. तू तो उन्हात उभा राहून बसवून घेतलास, फोटो पाठवलास, खाली लिहिलंस, “ताई, दगड छान बसलाय.” तेव्हापासून मला माझीच शिसारी येते. नगरच्या पाथरवटाशी मी बोलले आहे. तो दगड काढून टाक. नव्या दगडावर आपली दोघांची नावं आणि खाली ‘मुलं’ एवढंच. तू नको म्हणालास, तर मी येईन आणि स्वतः उभी राहून बसवून घेईन.

तुझीच,
विनूताई