योर्डमूर म्हणजे जमिनीची आई

३ फेब्रुवारी १९४६, रविवार

प्रार्थनेनंतर कॉफीला ओलुफ मास्तर चिकटला. "हल्डिसबाई, तेवीस वर्षं बेटावरची बाळंतपणं करताय, योर्डमूर या हुद्द्याचा अर्थ ठाऊक आहे? योर्ड म्हणजे जमीन, मूर म्हणजे आई. पूर्वी मूल जन्मलं की जमिनीवर ठेवायचे. योर्डमूर ते उचलून बापापुढे धरायची. त्यानं हातात घेतलं तर ते घरचं!"

"आणि नाही घेतलं तर?"

मास्तर साखर आणायला उठला.

७ फेब्रुवारी

खाडीपलीकडे जाऊन आन्फिनच्या लेकीला, गुन्व्होरला, तपासून आले. एकोणीस वर्षांची पोर, अंगात रक्त नाही, पाय सुजलेले. एकटीनं निभायचं नाही हिला. मूल जर्मन शिपायाचं — तो केव्हाच मायदेशी गेला. आन्फिन जाळं विणता विणता म्हणाला, "ते माझ्या घरात नको."

माझ्या पोराचं, युलियसचं, जहाज जर्मनांनीच बुडवलं. निघताना गुन्व्होरनं हात धरला. "मावशी, याल ना?" येईन म्हटलं.

११ फेब्रुवारी

सकाळी आन्फिनच्या अंगणातल्या झेंड्याच्या काठीवर चादर चढली — कळा सुरू झाल्याची खूण. खाडीत वारा फार. होडी घालता आली नाही.

१२ फेब्रुवारी

खाडी ओलांडून गेले. गुन्व्होर गार पडली होती. सगळं अंथरूण रक्तानं भिजलेलं. मूल चुलीजवळ, जमिनीवर, मेंढीच्या कातड्यात — जिवंत! नाळ तिनंच लोकरीच्या धाग्यानं बांधलेली.

आन्फिन बाहेर पायरीवर होता. मूल उचललं, त्याच्यापुढे धरलं. त्यानं हात पाठीमागे घेतले.

"घेऊन जा, हल्डिस."

१५ फेब्रुवारी

दूध पचतंय. मुलगा आहे.

२४ फेब्रुवारी, रविवार

बारसं झालं. नाव युलियस ठेवलं. मागच्या बाकावरून कुणीतरी "जर्मन पिल्लू" म्हणालं, पण बाकीच्यांनी कौतुकच केलं. "मुलगा गमावून त्यांचंच पोर सांभाळतेस! केवढं मन गं तुझं!" मास्तरनं तर डोळे पुसले. मला तिथे उभं राहवेना. पोराला घेऊन मागच्या दारानं घरी आले.

२५ फेब्रुवारी

अकरा तारखेला खाडीत वारा नव्हता; मी होडीच काढली नाही. आन्फिनलाही ते ठाऊक आहे. मला न्यायला यायला होडी त्याच्याकडेही होती.