बाग इथली, विचारणा पुण्याला

जळगाव, बुधवार संध्याकाळ, १९९९

नानांसमोर आज पार फजिती झाली. त्यांच्या केळीच्या आडतीसाठी मी केलेलं बाजारभावाचं वेबपेज पहिल्यांदाच त्यांच्या फोनलाइनवर उघडलं. लागवड कोणती, तिथे त्यांनी पावसाळी लागवडीची मृगबाग बदलून हिवाळ्याच्या तोंडची कांदेबाग निवडली आणि अख्खं पेज कोरं झालं. पुण्याच्या सर्व्हरकडून नवं पेज येईपर्यंत नाना पडद्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "बाग कोणती ते मी इथं सांगितलं ना? मग पुण्याले काय इचारतं हे?"

खरंय त्यांचं. दोन्ही भाव आधीच पेजसोबत पाठवता आले असते. पण ब्राउझरमधला, म्हणजे नानांच्या कॉम्प्युटरवर चालणारा कोड मी लिहितोच कुठे? तो सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर पॅकेज आपोआप तयार करून देतं. ऑफिसात येऊन आज पहिल्यांदा तो वाचायला घेतला, तर एकही ओळ ओळखीची नाही. त्यात काही बदललं, तरी पॅकेज पुढच्या वेळी आपलंच पुन्हा लिहिणार.

ते कोरं पेज डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हा तोंडातून निघून गेलं, "नाना, तुमची लाइन खराब आहे." त्यांनी लगेच मानलं. उद्या सकाळी माझ्या भरवशावर टेलिफोन ऑफिसात भांडायला जाणार आहेत.